शुद्धीवर असताना

सेलमिन्स्टर,
११ फेब्रुवारी १८९६

प्रिय सेसिली,

तुझी आई गेल्या मंगळवारी गेली. छातीत कफ साठला होता. डॉक्टर रोज येत होते. शेवटी तिला त्रास झाला नाही, असं ते म्हणाले. मी खोलीतच होतो आणि मलाही तसंच वाटलं.

तार करायला हवी होती, असं हेटी चूल पेटवताना रोज म्हणते. मी तारघरापर्यंत गेलो होतो. तिथे काय लिहायचं ते सुचेना, म्हणून परत आलो. नाहीतरी कॅनडातून तू वेळेवर पोचणार नव्हतीस.

शुक्रवारी दफन झालं. प्रार्थना कॅथीड्रलच्या डीनसाहेबांनी स्वतः म्हटली आणि ऑर्गन मी वाजवला, कारण दुसरं कोणी नव्हतं. नंतर डीनबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मिस्टर केलवे, इतकं सुंदर तुम्ही आजवर कधी वाजवलं नव्हतं." मी त्यांचे आभार मानले. ऑर्गनच्या माडीवरून खालचं काही दिसत नाही हे तुला ठाऊक आहे. आरशात डीनसाहेबांचं टक्कल तेवढं दिसतं. त्यामुळे शवपेटी कधी आत आली आणि कधी बाहेर गेली, ते मला पास्कनं सांगितलं. ऑर्गनला वारा पुरवणारा भाता ओढता ओढता तो कठड्यावरून वाकून बघत होता. "आणली साहेब," म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "नेली."

पास्क तुला आठवत असेल. कांदा खाऊन यायचा म्हणून तू नाक धरायचीस, आणि तरीही त्याच्या भात्याच्या दांड्यावर बसून झोके घ्यायचीस.

तू माझ्या मनाविरुद्ध, दुसऱ्या पंथाच्या ओवेनशी लग्न करून गेल्यापासून तुम्हा दोघींची पत्रं चालू होती, हे मला माहीत होतं. हेटी ती एप्रनखाली लपवून पोस्टात न्यायची. मी कधी विचारलं नाही आणि तुझी आईही बोलली नाही. आता ती पत्रं लिहिणारं माणूस राहिलं नाही, म्हणून मी लिहितो आहे. एरवी तुला त्रास दिला नसता.

ॲम्ब्रोज केलवे

सेलमिन्स्टर,
२० एप्रिल १८९६

प्रिय सेसिली,

तुझं पत्र मिळालं. तू एकच गोष्ट विचारली आहेस, आईनं शेवटी तुझी आठवण काढली का. त्याबद्दल पुढे लिहीन.

ईस्टर पार पडला. गर्दी चांगली होती. मी धीरानं घेतो आहे असं लोक म्हणतात. तसं काही नाही. सकाळी उठतो, दाढी करतो, हेटी अंडं उकडून देते ते खातो. माझी पाळी असेल तेव्हा प्रार्थना म्हणतो, नसेल तेव्हा माडीवर जाऊन वाजवतो. बोटं जिथे पडायला हवीत तिथे पडतात. मला सूर ऐकू येतात, पण त्यांचं पुढे काही होत नाही. शेजारच्या घरात कोणी भांडी घासावीत तसं वाटतं.

ऑर्गनला नवं यंत्र बसवलं आहे. पाण्याच्या दाबावर चालतं. खाली तळघरात ते धापा टाकतं आणि वर भाता आपोआप भरतो. हे डीनसाहेबांनी ठरवलं. मला विचारलं तेव्हा मी हरकत घेतली नाही. त्या दिवसांत कशालाच हरकत घेण्याचं मनात येत नव्हतं.

यंत्र सुरू झालं त्या दिवशी पास्क बघायला आला. तळघराच्या पायरीवर उभा राहून बराच वेळ बघत होता.

"हेच का ते?"

"हेच."

"दमत नाही?"

"नाही."

"कांदा खातं?"

"नाही, पास्क."

"मग डीनबाईंची सोय झाली."

त्याला आवारातलं गवत कापायचं काम देऊ केलं होतं. तो म्हणाला, "त्यांना म्हणावं, मेंढ्या पाळा. मी जन्मभर वारा पुरवला, आता गवत कापत बसू?" मग माझ्यामागून माडीवर आला आणि आपल्या जुन्या स्टुलावर बसला. मी सराव करत होतो. मधे एकदा वळून पाहिलं, तर त्याचे दोन्ही हात मांड्यांवर होते आणि खालीवर होत होते. बहुधा त्याला ते कळतही नव्हतं. सराव संपल्यावर उठला आणि म्हणाला, "चला, खांद्याला आराम झाला." मी म्हणालो, "येत जा, पास्क." तो म्हणाला, "कशाला?"

तिकडे मॅनिटोबात अजून बर्फ आहे का?

ॲम्ब्रोज केलवे

सेलमिन्स्टर,
१७ जून १८९६

प्रिय सेसिली,

एनॉक पास्क वारला. गिरणीच्या बांधापाशी नदीत सापडला. कोट काढून, नीट घडी करून, काठावरच्या दगडावर ठेवलेला होता.

मृत्यू कसा झाला याची कॉरोनरसाहेबांची चौकशी 'बार्ली मो' या दारूच्या गुत्त्याच्या माडीवर झाली. शहरातले बारा जण पंच म्हणून बसले होते. त्यात खाटीक होता, घड्याळवाला होता, सगळे पास्कला ओळखणारे. खाली लोक बिअर पीत होते, त्यांचं हसू वर ऐकू येत होतं. मरण्याच्या आदल्या दुपारी तो मला कॅथीड्रलच्या दारात भेटला होता, म्हणून मला साक्षीला बोलावलं.

"तुम्ही धर्मगुरू आहात," कॉरोनर म्हणाले. "माणसं पाहण्याची तुम्हाला सवय आहे. त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं असं काही जाणवलं?"

"नाही."

"रडत होता? भलतंसलतं बडबडत होता?"

"नाही. हवा चांगली आहे म्हणाला. हवा चांगलीच होती."

"म्हणजे तुमच्या मते तो पुरता शुद्धीवर होता."

"हो," मी म्हणालो.

खाटकानं माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. अशा वेळी साक्षीदारानं थोडं चाचरायचं असतं, हल्ली जरा विचित्र वागायचा म्हणायचं असतं. मग पंच 'भ्रमात असताना' असं लिहितात आणि माणसाला इतरांसारखी माती मिळते. सगळं शहर हे जाणतं. मीही जाणत होतो. पण मला विचारलं आणि मी जे दिसलं ते सांगितलं. निकाल लिहिला गेला, शुद्धीवर असताना स्वतःच्या हातानं. अशा माणसावर चर्चची प्रार्थना म्हणता येत नाही. एका कोपऱ्यात खड्डा खणायचा, पेटी सोडायची, गप्प घरी जायचं.

संध्याकाळी पास्कची बायको लेटिस आली. हेटीनं तिला स्वयंपाकघरात बसवलं, पण ती तशीच उठून माझ्या खोलीत आली आणि दाराशी उभी राहिली. तू होतीस तेव्हा ती आपल्याकडे चादरी धुवायला यायची. आता म्हातारी झाली आहे.

"बसा," मी म्हणालो.

"बसायला नाही आले. तुम्ही खोटं बोलला नाहीत, साहेब. ते खरंच होतं. आमचा माणूस वेडा नव्हता. वेडा म्हणाला असतात तरी मला राग आला असता."

मी खुर्ची पुढे सरकवली. ती उभीच राहिली.

"पण तुमच्या एका शब्दानं तो बाहेर पडला," ती म्हणाली. "आता तुम्हीच त्याला आत घ्या. तुमच्याकडे दुसरेही शब्द आहेत की. मडमसाहेबांवर म्हटले तेच म्हणा."

"मला तसा अधिकार नाही."

"अधिकार नाही म्हणजे? गळ्यात ती पट्टी आहे ना?"

मग चहा न घेता निघून गेली. हेटी म्हणाली, "जाताना शिव्या देत होती." मी विचारलं, मला का? हेटी म्हणाली, "नाही, त्यालाच. पास्कला."

उद्या डीनसाहेबांकडे जाणार आहे.

ॲम्ब्रोज केलवे

सेलमिन्स्टर,
२५ जून १८९६

प्रिय सेसिली,

तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

डीन विंग्फील्ड वाईट मनाचे नाहीत. मला शेरी दिली. म्हणाले, "केलवे, प्रार्थनापुस्तकात दफनाच्या पानावर सुरुवातीलाच लिहिलं आहे, हा विधी कुणावर करायचा नाही ते. ते मी लिहिलेलं नाही. आणि लोकांचे डोळे आपल्याकडे आहेत. आज भात्यावाला, उद्या आणखी कोणी." मी विचारलं, एखादं स्तोत्र तरी? "गायकांपैकी कुणीही तिथे जायचं नाही. तसं मी कळवलं आहे. तुम्ही घरी विश्रांती घ्या. तुमचं हे वर्ष कठीण गेलं आहे."

मी घरी आलो. विश्रांती घेतली. सोमवारी सकाळी उठलो, दाढी केली, अंडं खाल्लं. हेटीला म्हणालो, माझा पांढरा झगा काढ. ती म्हणाली, "आज तर तुमची पाळी नाही." मी म्हणालो, काढ. तिनं काढला, आणि मग स्वतःची काळी टोपीही घातली.

कोपरा दफनभूमीच्या नदीकडच्या भिंतीशी आहे. खाजरं रान माजलं होतं, तिथे जरा कापून जागा केली होती. खड्डा खणणारे दोघे, लेटिस, तिची बहीण, हेटी आणि मी. खड्डेवाल्यांनी मला झग्यात पाहिलं आणि टोप्या काढल्या. त्यातला एक म्हणाला, "आम्ही काही पाहिलं नाही, साहेब." मी म्हणालो, तुम्ही पाहिलं तरी चालेल.

मी पुस्तक उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. एकही ओळ गाळली नाही.

सेसिली, मी जन्मभर ही प्रार्थना ऐकत आलो, पण वरून, हात ऑर्गनवर असताना. कुणाचंही दफन असो, माझं लक्ष पुढची पट्टी कधी धरायची याकडे. तुझ्या आईच्या वेळीही तसंच. डीनसाहेब काय म्हणत होते ते मी ऐकलं नाही, ते थांबायची वाट बघत होतो. पास्कच्या खड्ड्याशी मला ते शब्द स्वतःच्या तोंडानं म्हणावे लागले आणि पुढे वाजवायचं काही नव्हतं. 'माती मातीला' या ओळीपाशी आलो तेव्हा माझा आवाज गेला. रडू आलं नाही. नुसता आवाज गेला, भात्यातला वारा संपावा तसा. सगळे थांबले. लेटिस म्हणाली, "दमानं घ्या, साहेब. घाई नाही कुणाला."

तेवढ्यात भिंतीवरून टॉमस ग्रीव उतरला. आपल्या गायकांतला तो जाडा, खर्जातला. सुताराचा एप्रन तसाच अंगात होता. त्याला धाप लागली होती. "मला कळवलंच नाही कुणी," तो डोळा मारून म्हणाला, "म्हणजे कळवलं, पण मी कामात होतो." आणि त्यानं एक स्तोत्र सुरू केलं. एकट्या खर्जाचं, वरचे सूरच नाहीत. हेटी मधेच शिरली, पार बेसूर. खड्डेवाल्यांतला एक नुसता गुणगुणला. ते फार वाईट गायले. मी उरलेलं वाचून पुरं केलं.

लेटिसनं माती टाकली. "झालं?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

"सगळं? मडमसाहेबांसारखं?"

"सगळं."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि खड्ड्याकडे बघून, "मेल्या, कोट कशाला काढलास? तो तरी सोबत न्यायचास."

आज तुला हे पत्र लिहायला बसलो आणि तुझं उत्तर राहिलं आहे हे आठवलं. तू दुसऱ्यांदा विचारलंस. हो. तिनं तुझी आठवण काढली. शेवटच्या संध्याकाळी म्हणाली, "सेसिली आली का?" मी म्हणालो, येते आहे. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, जिन्यात आहे. ती म्हणाली, "मग दार का लावलंय? उघडा ना." मी उठून दार उघडलं. ती दाराकडे बघत राहिली. चेहरा बरा होता. त्यानंतर ती काही बोलली नाही.

ते दार मी अजून लावलेलं नाही. हेटी कुरकुरते, घरात वारा शिरतो म्हणून.

हे आधी का लिहिलं नाही, ते मला सांगता येणार नाही.

तुझे वडील

सेलमिन्स्टर,
४ सप्टेंबर १८९६

प्रिय सेसिली,

तुझं लांब पत्र आलं. ओवेननंही खाली दोन ओळी लिहिल्या आहेत. त्याचं अक्षर चांगलं आहे.

बिशपसाहेबांनी मला बोलावलं होतं. डीनसाहेबांनी तक्रार केली होती, आणि करणं त्यांना भागच होतं. बिशप आता फार थकले आहेत. गुडघ्यांवर शाल घेऊन बसले होते. माझ्यासाठी खुर्ची जवळ ओढायला सांगितली, कारण त्यांना कमी ऐकू येतं.

"केलवे, मला तुम्हाला घालवायचं नाही," ते म्हणाले. "सोपं आहे सगळं. तुमची पत्नी गेली. दुःखानं माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. त्या भरात तुमच्या हातून हे घडलं. एवढं मला लिहून द्या, मी डीनना समजावतो. पुढच्या रविवारी तुम्ही तुमच्या माडीवर."

मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर त्यांचा माळी पेअरच्या झाडाला शिडी लावत होता. शिडी नीट टेकेना.

"लिहून देता?"

"नाही, महाराज."

"का?"

"मी त्या दिवशी शुद्धीवर होतो."

"अहो, हा एक शब्दप्रयोग आहे. त्यानं कुणाचं काय बिघडतं?"

"पास्कचं बिघडतं," मी म्हणालो. "मी भ्रमात होतो असं लिहून दिलं, तर त्याच्यावर म्हटलेली प्रार्थना भ्रमिष्टाची बडबड ठरेल. त्याच्या बायकोनं मला विचारलं होतं, सगळं झालं का. मी हो म्हटलंय."

मला मोठ्यानं बोलावं लागत होतं. त्यांनी डोळे मिटले. झोपले की काय असं वाटलं. मग म्हणाले, "तुम्ही त्याच्या वतीनं भांडता आहात की स्वतःच्या?"

"मला नीट सांगता येत नाही. हल्ली मला आतून फारसं काही जाणवत नाही, महाराज. पण हे सांगितलं तर ते खोटं असेल, एवढं मला समजतं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि मग मला पदावरून दूर केलं. दोन्ही गोष्टी एकाच आवाजात केल्या. कुठेही विधी चालवायचा नाही, कॅथीड्रलमध्ये वाजवायचं नाही, आवारातलं घर सोडायचं. मी निघताना म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर लिहून दिलं असतं." मला वाटतं ते खरं बोलले.

घरी आल्यावर हेटीनं मला विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ती जोरजोरात रडली. मी तिच्या शेजारी उभा राहिलो आणि तिचं रडणं संपेपर्यंत किटली धरून होतो.

तू लिहिलं आहेस की इकडे या. मी अजून ठरवलेलं नाही. मला तिथे काय करता येईल? तुमच्या शेतातल्या गव्हाचं मला काही कळत नाही.

तुझे वडील

सेलमिन्स्टर,
५ ऑक्टोबर १८९६

प्रिय सेसिली,

मी येतो आहे. लिव्हरपूलहून बोट पुढच्या आठवड्यात आहे. हेटी तिच्या भावाकडे यार्मथला जाते आहे. पियानो ग्रीवनं नेला. त्याच्या बायकोला तो आवडला नाही, पण त्यानं नेला.

काल रविवार होता. निघण्याआधी एकदा जावं म्हणून संध्याकाळच्या प्रार्थनेला गेलो. माडीवर जायला बंदी, खाली बसायला कुणाचीच बंदी नाही. तुझी आई बसायची त्या जागी बसलो, उत्तरेकडच्या खांबामागे. तिथून कुणी दिसत नाही. डीनसाहेब नाही, गायक नाहीत, नुसता दगड. इतकी वर्षं ती तिथे का बसायची ते मला ठाऊक नव्हतं. विचारायचं सुचलंच नाही.

नवा ऑर्गनवाला तरुण आहे. हात स्वच्छ आहे, जरा घाई करतो. पण सेसिली, मी तो ऑर्गन याआधी खालून कधी ऐकलाच नव्हता. वर बसलं की तो कानाशी खडखडतो, खुंट्या ओढल्याचा आवाज येतो, लाकूड करकरतं. खाली तसं काही नाही. त्या खांबातून सूर येतो. मागच्या खांबाला पाठ टेकली की मोठी नळी वाजताना दगड हलतो आणि सूर पाठीत शिरतो. तुझी आई माझं वाजवणं पाठीनं ऐकत होती.

मी तसाच बसून राहिलो. सगळे उठले ते मला कळलं नाही. कधी उठायचं, कधी बसायचं, हे खालच्या माणसांना ठाऊक असतं, मला त्याची सवय नव्हती. शेजारी एक बाई होती, बाजारात मासे विकते ती. तिनं माझी बाही ओढली. "उठा हो," कुजबुजली, "निदान आता तरी." मी उठलो. ती माझ्याकडे बघत होती. मग तिनं पिशवीतून रुमाल काढून माझ्या हातात दिला. त्याला माशांचा वास होता. तो तिनं का दिला ते मला गालाला हात लावल्यावर कळलं. प्रार्थना संपेपर्यंत ते थांबलं नाही. बाई म्हणाली, "असू द्या, ठेवा तो."

बाहेर पडताना डीनबाई दारात होत्या. त्यांनी मान वळवली, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि वळवलेली मान तशीच ठेवावी की नाही हे त्यांना ठरवता येईना. मी टोपी काढली आणि पुढे गेलो.

तुझ्या गावाला गाडी दुपारी पोचते म्हणतात. स्टेशनवर यायची तसदी घेऊ नकोस. थंडी असेल आणि तू लिहिलंस त्या हिशेबानं तुला आता सहावा महिना लागला असेल. कुणीतरी रस्ता सांगेल.

एक काम कर. ओवेनला सांग की मी त्याच्या चॅपलमध्ये लग्नाला आलो नाही, हे तो विसरला नसणार आणि त्यानं विसरावं असं मी म्हणत नाही. त्याला माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नये. मी जेवायला बसेन तेव्हा तो त्याच टेबलाशी बसला, तरी पुष्कळ आहे.

तुझा,
पपा